ग्रादिमिरचे उपासाचे रीळ

माझा शेजारी ग्रादिमिर विटांच्या कारखान्यातून निवृत्त झाला, तेव्हा कारखान्याने त्याला भिंतीवरचे घड्याळ भेट दिले. आठवडाभराच्या आत त्याने ते उघडले. घड्याळ अजूनही त्याच्या भिंतीवर आहे. वेळ दाखवत नाही, एवढेच. हे मी तक्रार म्हणून नोंदवत नाही. तक्रारीसाठी माझ्याकडे याहून गंभीर विषय आहेत: धक्क्याकडे जाणारा रस्ता, नगरपालिका, आणि हल्लीची पावाची लादी. ग्रादिमिर हा त्या मानाने निरुपद्रवी गृहस्थ आहे. ज्या वस्तूची आतून ओळख नाही ती वस्तू आपली नव्हे, असे त्याचे ठाम मत आहे, आणि त्या मतापायी त्याच्या घरातली इस्त्री, दारावरची घंटा आणि शिवणयंत्र यांनी जे भोगायचे ते भोगले आहे.

गळाचे रीळ, म्हणजे मासेमारीच्या काठीवरची दोर गुंडाळणारी चकरी, मात्र तो दर हिवाळ्यात उघडत असे आणि ते पुन्हा चालतही असे. कारण त्या रिळावर त्याची अब्रू टांगलेली होती.

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस येतो. तो ग्रादिमिरच्या कुळाचा संत. त्या दिवशी पाहुण्यांना बोलवायचे नसते, ते येतातच. दिवस पडतो नाताळापूर्वीच्या उपासात, त्यामुळे टेबलावर मांस नाही, लोणी नाही, अंडे नाही. मासा तेवढा चालतो. ग्रादिमिरच्या टेबलावर विकतचा मासा कधी आला नाही. तिसा नदीतला कार्प, आणि तोही यजमानाने स्वतःच्या हाताने ओढलेला. असा काही धर्मनियम नाही. ती त्याच्या वडिलांची बढाई होती. मुलाने तिचा नियम केला, जसे आपल्याकडे बहुतेक नियमांचे होत आले आहे.

या नियमाचा स्वयंघोषित तपासनीस म्हणजे त्याच्या बायकोचा, ल्युबिंकाचा, भाऊ वेलिझार. विमा विकणारा माणूस. त्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसणे हा त्याच्या धंद्याचाच भाग असावा. सर्वांच्या आधी येऊन, गळ्यात रुमाल खोचून बसायचे आणि मासा आला की त्याच्या डोळ्यात डोळा घालून म्हणायचे, "दाजी, हा कार्प नदीतला वाटत नाही हो. चेहऱ्यावरून सरकारी तळ्यातला कर्मचारी दिसतोय."

यंदा रीळ ऐन सणाच्या तोंडावर कण्हू लागले. हँडल फिरवले की आत कोणीतरी अक्रोड फोडत असल्यासारखा आवाज येई. ग्रादिमिरने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडले आणि मला बोलावणे धाडले, कारण रिळाबरोबर आलेले माहितीपत्रक परक्या भाषांत होते आणि मी शिकलेला. मी शाळेत लॅटिन शिकवत असे, म्हणून तो मला प्रोफेसर म्हणे. माहितीपत्रक लॅटिनमध्ये नव्हते. त्यात एक चित्र होते, ज्यात रिळाचे सर्व अवयव स्फोट झाल्याप्रमाणे हवेत उडालेले होते, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सूचना होत्या. ज्यांना वाचले जाऊ नये असे वाटते तेच लोक अशा अक्षरांत लिहितात.

ग्रादिमिरची पद्धत मात्र सरळ होती. उपासामुळे रिकामा पडलेला अंड्यांचा खोका घ्यायचा. पहिला काढलेला भाग पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात. जोडताना शेवटच्या खळग्यापासून उलटे यायचे. या पद्धतीत दोष नाही. दोष एवढाच की टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर ल्युबिंका सणाच्या पावाचे पीठ मळत होती आणि तिला जागा कमी पडल्यावर तिने खोका उचलून फिरवून ठेवला.

"प्रोफेसर," ग्रादिमिर थोड्या वेळाने म्हणाला, "शेवटी काढलेलं दातेरी चाक होतं ना? मग इथे हँडलचा नट कसा?"

"खोका उलटा झालाय," मी म्हणालो.

"ल्युबिंका, तू खोका फिरवलास?"

"तू माझं टेबल घेतलंस, मी काही बोलले का?"

चाक बसले. त्यावर एक पातळ चकती होती, ती चाकाच्या आत की बाहेर यावर आम्ही बराच वेळ वाद घातला; चित्रातला बाण दोन्हींकडे बोट दाखवत होता. चकती आत घातली तेव्हा हँडल हलेना. बाहेर घातली तेव्हा हलले, आणि आमचे तात्त्विक मतभेद मिटले. मग एक स्प्रिंग उडून पिठात पडली. ती ल्युबिंकाने दोन बोटांनी काढून, काही न बोलता, नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. ते न बोलणे मला बाहेरच्या खोलीतही ऐकू आले असते.

खरा प्रश्न पुढे उभा राहिला. ग्रादिमिर दरवर्षी रिळाला डुकराची चरबी लावत असे. त्याचे वडीलही लावत. त्याने फडताळातून बरणी काढली.

"ती आत ठेव," ल्युबिंका म्हणाली.

"रिळाला लावतोय, खात नाहीये."

"उपास चालू आहे. याच टेबलावर माझा पाव आहे आणि याच टेबलावर पाद्रीबाबा बसणार आहेत."

"अगं, रिळाला कसला उपास?"

"या घरात सगळ्यांना उपास. सूर्यफुलाचं तेल घे."

ग्रादिमिरने माझ्याकडे पाहिले. पती-पत्नींच्या धार्मिक वादात साक्ष देण्याची चूक मी करत नाही. मी माहितीपत्रक वाचत राहिलो. त्याने तेल घेतले, आणि बायकोवरचा राग काढावा तसे सढळ हाताने ओतले. आत एक कडे असते, त्यात बारीक बारीक लाटण्यांसारख्या दांड्या. हँडल पुढे फिरले तर त्या सोडतात, मागे फिरू लागले की आवळून धरतात. ग्रादिमिरने त्या कड्याला दोनदा तेल पाजले, सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणून. ते कडे कोरडे ठेवावे, असे मुंगीच्या अक्षरांत लिहिलेले होते, हे आम्हाला पुढे शहरातल्या दुकानदाराने हसत हसत सांगितले. दुकानदारांना अशा वेळी हसू येते, हेही मी नोंदवून ठेवले आहे.

रीळ जोडून झाले. हँडल लोण्यासारखे फिरत होते.

"बघा, प्रोफेसर. पुढेही जातंय, मागेही जातंय."

"आधी मागे जात होतं का?"

"नव्हतं," तो समाधानाने म्हणाला. "आता सुधारलंय."

सणाच्या आदल्या सकाळी आम्ही नदीवर गेलो. वेलिझारही आला होता. मासा पाण्यातून निघताना पाहायचा, म्हणजे जन्माची शंका फिटेल, असे तो म्हणत होता. थंडीत कार्प फारसा हलत नाही. कचेरीतल्या अधिकाऱ्याप्रमाणे तो तळाशी असतो आणि त्याच्यापर्यंत काही पोहोचवायचे तर चिकाटी लागते. ग्रादिमिरने मक्याचे दाणे लावून गळ टाकला. सकाळ गेली. वेलिझारने थर्मासातला चहा संपवला.

"दाजी, बाजार एक वाजता बंद होतो. सांगून ठेवलं."

"बस गप."

"मी काय म्हणतो, विकत घेतलेला मासाही कुणीतरी पकडलेलाच असतो की."

तेवढ्यात काठी वाकली. ग्रादिमिरने ओढ दिली, आणि हँडल वेड लागल्यासारखे उलटे फिरू लागले. त्याने ते धरायला हात घातला तर मूठ बोटांवर सटासट बसली. दोर सुटत होता, मासा खुशाल पलीकडच्या काठाला निघाला होता, आणि आमचा यजमान ओल्या चिखलात घसरत, बधिर झालेल्या बोटांनी काठी छातीशी कवटाळून उभा होता.

"काय झालं त्याला?" वेलिझार ओरडला.

"धरत नाहीये! मागे फिरतंय!"

"मग सकाळपासून सुधारलंय कशाला म्हणत होतात?"

"वेलिझार, हँडल धर!"

"मी? माझा कोट—"

"कोट गेला खड्ड्यात, हँडल धर!"

वेलिझारने रुमालात हात गुंडाळून हँडल पकडले. यानंतर जे घडले ते मासेमारीच्या कोणत्याही ग्रंथात बसणार नाही. एकाने काठी उचलायची, दुसऱ्याने फिरवायचे, एक म्हणे "सोड", तर दुसरा म्हणे "सोडू की धरू, एक काय ते सांगा." दोघे गुडघाभर पाण्यात गेले. शेवटी जाळीत आलेला कार्प चांगला मांडीएवढा होता. वेलिझार पाण्यातच बसला होता, आणि हसत होता. ग्रादिमिर हसत नव्हता. काठावर येऊन तो नुसता माशाकडे पाहत राहिला. मला कळले, तो हातांचा हिशेब करत होता.

परत येताना तो एकदाच बोलला. "प्रोफेसर, काठी माझी होती."

"काठी तुझीच होती," मी म्हणालो. याहून अधिक काही म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरले नसते.

दुसऱ्या दिवशी घर भरले. पाद्रीबाबांनी पाव कापला, मेणबत्ती लागली, शिजवलेला गहू सर्वांनी चमचा चमचा घेतला. मग कांद्या-बटाट्यांवर भाजलेला कार्प आला, आणि कारखान्यातला एक जुना सोबती म्हणाला, "वा ग्रादिमिर, यंदाही तुझ्याच हातचा ना?"

वेलिझार गळ्यात रुमाल खोचून बसलेला होता. इतक्या वर्षांचे त्याचे वाट पाहणे त्या क्षणी फळाला आले होते. त्याने सावकाश म्हटले, "अर्धा त्यांच्या हातचा. हँडल मी फिरवलं."

सगळे हसले. वेलिझारची नेहमीची थट्टा, असे सर्वांनी गृहीत धरले. ग्रादिमिर नुसता गप्प राहिला असता, तरी तेवढ्याने त्याची अब्रू वाचली असती. ल्युबिंकाने त्याच्याकडे पाहिले. मीही पाहिले.

"खरं सांगतोय तो," ग्रादिमिर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "रीळ मी चुकीचं जोडलं. हा नसता तर मासा गेला होता. अर्धा मासा वेलिझारचा आहे."

 वेलिझारने हातातला काटा खाली ठेवला. कबुली मिळेल असे त्याच्या कोणत्याच योजनेत नव्हते.

"जाऊ द्या हो, दाजी, मी आपलं—"

"जाऊ कसं देऊ? अर्धा मासा तुझा, म्हणजे अर्धा यजमान तू." ग्रादिमिरने मद्याची सुरई उचलून त्याच्या हातात दिली. "ऊठ. या दिवशी यजमान बसत नाही. पाहुणे जाईपर्यंत उभ्याने वाढायचं."

"आत्ता? मी अजून घासही घेतला नाही."

"मीही नाही घेतला. रुमाल काढ, त्या टोकाचे ग्लास रिकामे आहेत."

वेलिझारने सुरईकडे पाहिले, रुमाल काढला आणि उठला. संध्याकाळपर्यंत तो उभा होता. पहिल्या तासाला कुरकुरला, दुसऱ्या तासाला त्याने ल्युबिंकाला ताट कसे धरावे ते शिकवायला सुरुवात केली, आणि अंधार पडता पडता, नव्याने आलेल्या पाहुण्यांना दारातच गाठून तो सांगत होता, "या, बसा, संकोच करू नका. मासा आमच्या हातचा आहे."

मला शेपटीचा तुकडा मिळाला. त्यात काटे फार होते.