पुसलेली तीट

पिंपळवंडीच्या एका माणसाचा मला पंधरा वर्षं राग होता. राग मनात ठेवणाऱ्यांतला मी नाही. दुकानात कुणी बसायला आलं की चहाबरोबर मी तो राग वाढत असे. "पोराचा चेहरा फुकटात स्वच्छ करून दिला, तर गडी उलटा माझ्यावरच रुसला," अशी त्या गोष्टीची सुरुवात असायची. लोक हसायचे. मला बरं वाटायचं.

मी मूळचा शिनोलीचा. फोटोचं काम मंचरला एका स्टुडिओत शिकलो आणि कुणाच्या बापाची मदत न घेता नारायणगावात स्वतःचं दुकान टाकलं. दराच्या बाबतीत मी कुणाला ऐकत नसे. गिऱ्हाईक दोन पायऱ्या उतरून गेलं तरी हाक मारायची नाही. तिसऱ्या पायरीवर ते आपणहून वळतं, हा माझा अनुभव. तोंड तिखट होतं, पण काम चोख होतं. त्यातही लहान मुलांचे फोटो माझ्यासारखे त्या भागात कुणाला जमत नव्हते.

कारण साधं होतं. बाकीचे फोटोग्राफर मुलाला स्टुडिओत पडद्यापुढं, स्टुलावर बसवायचे. पडद्यावर रंगवलेला तलाव, तलावात राजहंस आणि पुढं भोकाड पसरलेलं पोर. मी पोरांना स्टुडिओत घेणंच सोडलं. मोटारसायकल काढायची आणि ती असतील तिथं जायचं. कांद्याच्या वाफ्यात, विहिरीच्या थारोळ्यावर, गोठ्यात. माझ्याकडं पोटाशी धरायचा, वरून आत बघायचा जुना कॅमेरा होता. तो धरला की माणसाची मान आपोआप खाली जाते. मूल कॅमेऱ्याला घाबरत नाही, रोखून बघणाऱ्या डोळ्यांना घाबरतं. मी खाली बघत बसायचो. थोड्या वेळानं पोर मला विसरायचं आणि आपलं जे चाललेलं असेल ते पुढं सुरू करायचं. थोड्या मोठ्या पोरांना मी वरच्या काचेतून आत बघू द्यायचो. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. समोरून डावीकडं चाललेली मेंढी काचेत उजवीकडं जायची आणि पोरं खिदळायची.

पिंपळवंडीच्या त्या घरी मी गेलो तेव्हा नव्वदीची नुकतीच सुरुवात होती. मूळ मेंढपाळाचं घर. बरीचशी भावकी शेतीत उतरलेली, पण या माणसानं वीसेक मेंढरं राखली होती. बाजारात त्यानं मला गाठलं. मुलगा अडीच वर्षांचा होता आणि त्याचा एकही फोटो नव्हता. आमची घासाघीस बराच वेळ चालली. तो कमी बोलायचा, पण भाव सोडत नव्हता. शेवटी मीच थोडा खाली आलो. त्याबद्दलही मला त्याचा थोडा राग आला होता.

मुलाला नवा सदरा घालून, केसांना तेल चोपडून खाटेवर बसवलं होतं. तो रडायच्या बेतात होता.

मी म्हणालो, "सदरा काढा त्याचा. सोडा त्याला मेंढरांत."

मुलाची आई म्हणाली, "अवो भाऊ, उघडा फोटू काढता व्हय? लोकं काय म्हनतील, घालायला कापडं न्हाईत?"

"लोकं म्हणतील, पोरगं हसतंय. रडका फोटो पाहिजे असेल तर मंचरला जा."

नवरा हसला. "करू दे गं त्यास्नी. भाव लई लावलाय, काम तरी त्यांच्या मनासारखं हुंदे."

तिनं सदरा काढला. मी खाली बसलो, मान खाली घातली. मुलगा एका कोकराच्या मागं लागला. तेवढ्यात ती ओरडली, "थांबा भाऊ, थांबा! तीट ऱ्हायली." घरात पळत गेली, अंगठ्याला काजळ लावून आली आणि पळत्या पोराला धरून गालावर अंगठा टेकवला. पोर हलत होतं, त्यामुळं तीट फाकली, बोराएवढी झाली. मी चडफडलो, पण बोललो नाही. पुन्हा मान खाली घातली. थोड्याच वेळात कोकरानं मुलाच्या पोटाला तोंड लावलं, त्याला गुदगुल्या झाल्या आणि तो मान मागं टाकून हसला. त्या क्षणी मी बटण दाबलं. असा फोटो जन्मात दोन-चार वेळा मिळतो, हे मला रोल धुवायच्या आधीच कळलं होतं.

मग मी ती चूक केली, जी मला पंधरा वर्षं चूक वाटलीच नाही.

काळा-पांढरा रोल मी स्वतः धुवायचो. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं असतं. गालावरची काळी तीट तिथं कोऱ्या काचेसारखी दिसते. त्या जागी बारीक टोकाच्या पेन्सिलीनं ठिपके भरत गेलं, की छापताना गाल स्वच्छ येतो. देवीचे व्रण, पुटकुळ्या आम्ही अशाच घालवायचो. भिंग लावून मी दुपारभर बसलो आणि ती तीट पुसली. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून तीट, दृष्ट, उतारा सगळं बंद. इतक्या सुंदर फोटोवर तो काळा फराटा मला अडाणीपणाचा डाग वाटला. डाग मी काढला, तोही फुकट.

फोटो न्यायला तो ठरल्या दिवशी आला नाही. पुढच्या बाजारीही नाही. तिसऱ्या बाजारी आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. मी फोटो त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ बघत राहिला. एखाद्याला माझं काम आवडलं की मला ते त्याच्या गप्प राहण्यावरून कळतं, असा माझा समज होता.

तो म्हणाला, "तीट कुटंय?"

"काढली. आता बघा कसा चंद्रासारखा दिसतोय."

"तिनं लावल्याली व्हती."

"लावली होती ना. मी काढली. त्याचे पैसे धरलेले नाहीत, घाबरू नका."

"तशीच पायजे व्हती. तीट असल्याला न्हाई का दुसरा?"

मला वाटलं, आता हा भाव पाडणार. बाजारातल्या घासाघिशीत मी खाली आलो होतो, ते डोक्यात होतंच. शिवाय बाकड्यावरचा एकजण हळूच बोलला, "त्यांच्यात तीट न्हाई मानत, म्हनून पुसली आसंल." मग माझं डोकं फिरलं. बोलला दुसराच, पण मी तुटून पडलो याच्यावर.

"दृष्ट लागायची भीती वाटते होय? मग असं करा राव, पोराला घेऊन या इथं. दहा तिटा लावा, तोंड काळं करून आणा. दुसरा काढतो. अर्ध्या भावात काढतो, जा!"

दुकान हसलं. तो माझ्याकडं बघत उभा राहिला. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण मी पुढं बोलतच होतो, कोणाला दृष्ट लागते, कोणाला लागत नाही, असं काहीबाही. त्यानं फोटो काउंटरवर पालथा ठेवला. "ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाला आणि पायऱ्या उतरला. तिसऱ्या पायरीवर तो वळेल म्हणून मी वाट बघितली. तो वळला नाही.

निगेटिव्हवरची पेन्सिल स्पिरिटच्या बोळ्यानं पुसता येते. पाच मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही, कारण त्यानं मागताना नमतं घेतलं नव्हतं.

फोटो मी दर्शनी काचेत लावला. तो बघून लोक पोरांचे फोटो काढायला बोलवायचे. पेठपासून आळेफाट्यापर्यंत मला कामं मिळाली ती त्या एका हसण्यावर. बाजाराच्या दिवशी काचेपुढं गर्दी व्हायची. एक बाई मधूनमधून यायची, डोक्यावर पदर, काखेत तान्हं मूल. उभी राहिली की हलायची नाही. एकदा मी आतूनच ओरडलो, "ताई, फोटो काढायचाय का? नाहीतर जरा बाजूला व्हा, गिऱ्हाइकाला दिसत नाही." ती बाजूला झाली. तिचा चेहरा मी बघितला नव्हता.

पुढं सगळं रंगीत झालं. काचेत रंगीत फोटो आले आणि हा आत, काउंटरमागच्या भिंतीवर गेला. मग डिजिटल आलं. डार्करूमची जागा कॉम्प्युटरला लागली. जुनी फिल्म किलोवर घेणारे लोक तेव्हा फिरत होते. त्यातून चांदी निघते म्हणे. मी पोतीच्या पोती विकली. घासाघीस करून चांगला भाव काढला आणि त्या दिवशी खुशीत घरी गेलो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी दहावीच्या फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढायला एक मुलगी आली. अशा वयात मुली कॅमेऱ्यापुढं अवघडतात. ही मात्र माझ्या खांद्यावरून भिंतीकडं बघत होती.

"पोरी, इकडं बघ. भिंतीवर काय आहे?"

"तो माझा भाऊ आहे ना."

मी खूश झालो. माझ्या गोष्टीला पहिल्यांदाच त्या घरातलं माणूस भेटलं होतं. "पिंपळवंडीची होय तू! तुझ्या बापाला विचार, तिटेवरून कसा रुसला होता. केवढा झाला आता तुझा भाऊ? आणला असता की बरोबर."

ती म्हणाली, "तो तर वारला. मी आईच्या पोटात होते तेव्हा. तुम्ही फोटो काढला आणि आठ-दहा दिवसांत ताप आला, त्यात गेला."

मी कॅमेरा खाली ठेवला.

"आई मला घेऊन यायची बाजारात, काचेतला बघायला. नंतर तुम्ही काढलात तिथून."

त्या मुलीचा फोटो मी त्या दिवशी तीनदा काढला. तिन्ही हलले.

रात्रभर मी हिशेब लावत होतो. तिसऱ्या बाजारी तो आला तेव्हा मुलाला जाऊन दहा-बारा दिवस झाले असणार. आणि मी त्याला भरल्या दुकानात सांगितलं होतं, पोराला घेऊन या. सकाळी उठलो आणि माळा उपसला. एखादं पोतं विकायचं राहिलं असेल, अशी वेडी आशा होती. काही राहिलं नव्हतं. त्या तिटेची कोरी जागा जिच्यावर होती, ती फिल्म मीच चांदीच्या भावात घालवली होती.

पण कागदावर तीट काढता येते. काळी शाई आणि बारीक ब्रश, बस. फक्त गाल कुठला? माझ्या डोळ्यांपुढं तीट उजवीकडं होती. पण मी ती बघितली होती त्या उलट्या काचेत आणि नंतर उलट्या बाजूनं धरलेल्या निगेटिव्हवर. तेव्हा खरी कुठली, हे आता मला सांगता येईना.

फ्रेमसकट फोटो, शाई आणि ब्रश घेऊन मी पिंपळवंडीला गेलो. दोघं अंगणात होते. तो म्हातारा वाटत होता. मला त्यानं ओळखलं आणि म्हणाला, "या पावणं. च्या ठेव गं."

मी बसलोच नाही. इतक्या वर्षांचा राग, त्याचं मला काय करावं कळेना. मी उभ्यानंच विचारलं, "तुम्ही मला तेव्हा सांगितलं का नाही? एक शब्द बोलला असता, तर मी…"

तो शांतपणे म्हणाला, "सांगायाच आलो व्हतो, भाऊ. तुमी बोलत व्हता."

चहा घेऊन आलेली त्याची बायको आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. "काय सांगायचं व्हतं? आमचा फोटू तर जळाला व्हता ना, तुमी धुताना? ह्ये म्हनले, भाऊला लई वाईट वाटलं, एकच उरलाय, त्यो दुकानातला. इकायचा न्हाई."

मी त्याच्याकडं बघितलं. तो मेंढरांच्या वाड्याकडं बघत होता. मी भरल्या दुकानात काय बोललो, ते त्यानं तिला पंधरा वर्षं कळू दिलं नव्हतं. माझी लाज त्यानं झाकली होती आणि मी दर बाजारी त्याची काढत होतो.

फोटो मी तिच्या हातात दिला. तिनं पदरानं काच पुसली, पुन्हा पुसली. मी फ्रेमचे खिळे काढायला पकड बाहेर काढली, शाईची बाटली ओट्यावर ठेवली. "वहिनी, तीट कुठल्या गालावर होती? तेवढं सांगा. एका मिनिटात काढतो. होती तशीच काढतो, फाकलेली."

ती काच पुसतच राहिली. मी पुन्हा म्हणालो. गिऱ्हाइकाच्या मागं लागावं तसा मागं लागलो. डावा म्हणालो, उजवा म्हणालो.

तिनं फोटो छातीशी धरला. "ऱ्हाऊ द्या भाऊ," ती म्हणाली. "आता कुनाची दृष्ट लागायची ऱ्हायलीय त्याला?"

शाईची बाटली तशीच बंद घेऊन मी परत आलो. त्या माणसाचा राग मला अजूनही येतो. तो ओरडला असता, त्यानं माझी कॉलर धरली असती, तर मी गप्प बसलो असतो, आणि बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पाच मिनिटांत तिचा अंगठा त्या गालावर परत आणला असता. दुकानात अजून आयाबाया पोरं घेऊन येतात. कुणाच्या गालावर काजळ असलं आणि आईच म्हणाली, "कॉम्प्युटरवर काढून टाका ना ते," तरी मी काढत नाही. त्यावरून भांडणं होतात. गिऱ्हाईक जातं. जाऊ दे.