आबांची घोंगडी

काल गंगापूरच्या घरी पेटीतून आबांची घोंगडी काढली अन् तिच्यात नाक खुपसलं.

मी इंग्लंडात नोकरीला असताना माझे वडील, जन्मभर मेंढरं राखलेले आबा, ही घोंगडी घेऊन माझ्याकडं आले होते. एका रविवारी आम्ही रेल्वेनं फुटबॉलची मॅच बघायला निघालो. डब्यात मेंढरांचा वास सुटला, तशी मी लाजून ती त्यांना पिशवीत कोंबायला लावली.

मैदान बघून आबा म्हणाले, "एवढं गवत, अन् एक बी मेंढरू नाय?"

थोड्या वेळानं मी थंडीनं कुडकुडायला लागलो. आबांनी पिशवीतून घोंगडी काढून दोघांवर ओढून घेतली. गोल झाला, सगळे उठले. ती सरकू नये म्हणून आम्ही तेवढे बसून राहिलो.

काल तिला वास आला तो नुसत्या डांबरगोळ्यांचा.