ताज्या रंगाच्या भिंती

आबा गेल्यावर आमची मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि आईला घेऊन मी आटपाडीकडचं गाव सोडलं. टेम्पोत एक खाट, दोन पेट्या आणि आम्ही दोघी. भावकी निरोपाला उभी होती. आई ड्रायव्हरला म्हणाली, "चल बाबा. थांबलं की लय जड जातंय."

मी सांगलीत एका खासगी दवाखान्यात नर्स होते. तोवर होस्टेलवर भागलं. आता घर हवं होतं. आमच्याकडं उन्हाळाभर टँकरची वाट बघायची, म्हणून आईचं सांगणं एकच, "आदी नळ सोडून बघ. भित्ती कशाबी असूंद्यात." जे घर मिळालं, तिथं नळाला धो धो पाणी होतं. तळमजला होता, आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. भिंतींना नवा निळा रंग. "सगळं नवीन करून घेतलंय, ताई," मालक म्हणाले. का करून घेतलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पावसाळ्यात कृष्णा चढली. दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकू धावत आल्या. "आवं, बसलाय काय? पाणी गल्लीत आलंय." आम्ही आईला दोन्हीकडून धरून, पायरी पायरीवर टेकवत वर नेलं. गॅलरीतून ती आमच्या दारात शिरणारं पाणी बघत होती. "एवढं पाणी..." म्हणाली.

पाणी ओसरल्यावर भिंतीचा निळा रंग पापुद्र्यांनी सुटला. खाली जुन्या पुराची मातकट रेघ होती, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. काकू ओशाळल्या. "आमाला वाटलं, तुमाला म्हाईत आसंल." सांगलीत ते सगळ्यांनाच माहीत असतं. आम्ही दुष्काळातून आलेलो.

मग ड्युटी सुटली की घरं बघायची. कपाटामागची भिंत, कोपऱ्यातला वास, विजेची बटणं एवढ्या उंचावर का बसवलीत, सगळं बघायला शिकले. मालकाला विचारायच्या आधी समोरच्या दुकानदाराला विचारायचे. उंचावरची घरं बहुतेक जिन्याची. एक सोयीचं सापडलं, तर मालकीणबाईंनी आडनाव ऐकलं आणि "आमचेच पाहुणे यायचेत" म्हणाल्या. आईला मी तसंच सांगितलं. "व्हय का," एवढंच ती म्हणाली. तिला सगळं कळलं होतं.

शेवटी कराडला नोकरी धरली. तिथं शेजारच्या मलकापुरात आणखी दोन घरं झाली; एक मालकांनी मुलाच्या लग्नासाठी मागून घेतलं, दुसऱ्यात ओल होती. परवा तिसरं बघायला आईलाही घेऊन गेले. मालक म्हातारे, साधे. मी सगळं तपासत होते. त्यांनी आईला विचारलं, "आजी, कायमचं राहणार ना?"

"आमी मेंढरामागनं हिंडणारी माणसं," आई म्हणाली. "पाल टाकलं की घर. पण आता न्हाई हो हिंडवत."

एवढं बोलून ती मोकळ्या खोलीत, थंड फरशीवर, पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली आणि तिला झोप लागली. पुरानंतर ती दिवसा कधी झोपली नव्हती.

घराचं मागचं दार अजून बघायचं राहिलं होतं. मी ते बघितलं नाही. मालकांना हळू आवाजात म्हणाले, "घेतो आम्ही." आणि तिच्याशेजारी भिंतीला पाठ टेकून बसले. गावाकडचे कुणी फोनवर विचारतात, घर मिळालं का. आई दुपारची झोपलीय, असं मी सांगते.