चमच्याची चव

आधीच सांगते — भुतंखेतं, करणी, दृष्टान्त यातलं मी काहीही मानत नाही. कोकणात गावोगाव अणुप्रकल्पाविरुद्ध पत्रकं वाटते मी. अफवा पसरवते असं रोज ऐकते, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलायची सोयच नाही. तरीही हे लिहितेय...

गेल्या वर्षी उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला गेले तेव्हा जेद्दात, शराफिया भागात आपाकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे उतरले होते. आपा नर्स. तिच्या वॉर्डातली दुसरी नर्स आयगुल कझाकस्तानची. तिची आजीही उमऱ्याला आलेली, म्हणून दोघींना दुपारी जेवायला बोलावलं. आजीचं गाव जुन्या अणुचाचण्यांच्या डोंगराजवळ! मग काय, मी ताटावरच साक्ष घ्यायला बसले. आयगुल इंग्रजीत सांगत होती.

स्फोट जमिनीखाली आहे, सगळं आतच राहतं, असं गावकऱ्यांना सांगत. शिपाई येऊन लोकांना फक्त घराबाहेर उभं करायचे. जमीन हलायची, मग भेगांतून वायू निघायचा आणि तोंडाला चमचा चाटल्यासारखी चव यायची. 'सगळं आतच राहतं' — आम्हालाही हेच ऐकवतात. डोकंच फिरतं.

पण चवीचं मला पटेना. म्हटलं, "त्या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. आमच्या पत्रकात छापलंय."

आजी हसली. "तुझ्या कागदाला नसेल."

"लीडरबाई, त्यांना जेवू तर द्या," दुल्हाभाई, आपाचे मिस्टर, म्हणाले.

बिर्याणीचा घास घेताना आजी थांबली. चमचा जिभेला लावला, खाली ठेवला. बाळ कुठंय, विचारलं. आपाची झोया आतल्या खोलीत निजली होती. आजी उठून सरळ आत गेली, तिला उचलून जिना उतरली, आणि आम्ही गोंधळून मागोमाग. झोयाची मान लुळी पडलेली... आपा तिचे गाल थोपटत राहिली. रस्त्यावरच्या उन्हात कधीतरी झोया रडली.

खालच्या कबाबवाल्याच्या भट्टीचा धुराड्याचा पाइप भिंतीत सुटला होता. बोलावलेल्या सिव्हिल डिफेन्सच्या लोकांचं मीटर आतल्या खोलीत कर्कश वाजलं. कोळशाचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड. त्यालाही रंग नाही, वास नाही, चव नाही.

आम्हा कुणालाच काही जाणवलं नव्हतं. मग आजीला कसं कळलं? आयगुलने विचारलं, तर आजी झोयाचा पाय हातात धरून एवढंच म्हणाली, "तेव्हा आमचा मुलगाही आत झोपला होता."

डॉक्टरांना विचारलं, भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं. दोघंही म्हणाले, चव नसतेच. पत्रक पुन्हा छापायला द्यायचंय... 'चव नाही' या शब्दांपाशी माझं पेन अडलंय.