मुशीचं तेल

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. आता तो नाही आणि दटावायला सासूही नाही, तेव्हा घेते. हरेश्वर. गिरगावच्या चौपाटीला लागून आमची कोळ्यांची वस्ती, तिथला तो होड्यांचा सुतार. दिवसभरात दहा शब्द बोलला तर फार. बाकीचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं होतं, आणि त्यात मी कधी कसूर केली नाही. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. मला काय म्हणायचे ते सोडा.

त्याचा एक हट्ट होता. मचव्याची फळी असो नाहीतर माझा बसायचा पाट, लाकूड दोन दिवस मुशीच्या तेलात मुरल्याशिवाय त्याच्या हातून सुटायचं नाही. मुशी मासळी पकडली की तिच्या काळजाचं हे तेल आमच्याकडे कढवतात. वास असा की पाहुणा दारातून परत जाईल, पण खारं पाणी त्या लाकडाला शिवत नाही. पोळपाटालासुद्धा तेल पाजलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. तो नुसता हसला आणि पोळपाट उन्हात ठेवून आला.

गाठीच्या तापाचं, प्लेगचं, दुसरं वर्ष असेल. ठाकूरद्वारला कमलाकांतराव म्हणून प्रभू गृहस्थ राहायचे, हायकोर्टात मोठे कारकून. त्यांच्या घरी रोजची मासळी माझी. त्यांची सून सुनंदा पहिलटकरीण, पाचवा महिना. माहेर वाळकेश्वरला, टेकडीवर. तिला तिकडे पोचवायचं, पण भाड्याच्या गाडीत बसवायला कोणी धजेना. त्या गाडीतून आधी कुणाला नेलं असेल, कुणी सांगावं? तबेल्यात कमलाकांतरावांच्या वडिलांच्या वेळची व्हिक्टोरिया घोडागाडी होती, पण दहा वर्षं पडून. पाय ठेवायच्या जागेचा पत्रा गंजून चाळण झालेला, ब्रेकचा दांडा जागचा हलत नव्हता, आणि गाड्या दुरुस्त करणारे कारखाने तापाच्या भीतीने बंद.

आता माझी जीभ. टोपली उतरवता उतरवता मी बोलून गेले, माझा नवरा दर्यावर चालणारी होडी करतो, तुमची रस्त्यावरची गाडी म्हणजे त्याला काय मोठीशी! झालं. दुसऱ्या दिवशी गाडीवान गुणाजी आणि दोन माणसं गाडी ओढत आमच्या अंगणात हजर.

हरेश्वर गाडीभोवती तीनदा फिरला. मग गंजका पत्रा छिन्नीने कापून काढला, खाली सागाच्या फळ्या बसवल्या आणि होडीच्या भरतात तशा सांधी कापूस नि राळेने भरल्या. ब्रेकचा दांडा रॉकेलमध्ये भिजवून भिजवून मोकळा केला. मागच्या चाकांवर दाबून बसणारे ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले होते. तसेच नवे बाभळीचे तासले आणि रिवाजाप्रमाणे दोन दिवस तेलात बुडवले. वरून पुसून, वाळवून मग बसवले.

गुणाजी रोज येऊन बसायचा. एकटा जीव, घोड्यांवर मायेचा, माळकरी, दारूच्या वासानेही तोंड फिरवणारा. दोघांचं चांगलं जमलं. गाडी तयार झाल्यावर त्याने चौपाटीच्या सपाट रस्त्यावर ती फिरवून पाहिली. ब्रेक लावला की थांबत होती. यशोदाबाई, सुनंदाच्या सासूबाई, नाकाला पदर लावून म्हणाल्या, गाडी नवी झाली पण बाजाराचा वास मारते. मी म्हटलं, अत्तर शिंपडा.

सुनंदाबाईंना माहेरी पोचवताना चढ होता आणि परतताना गाडी रिकामी, हलकी, काही झालं नाही. दोन महिने गेले. एका दुपारी सुनंदाबाईंना डोहाळजेवणासाठी सासरी आणायला गाडी गेली आणि येताना उतारावर सुटली. गुणाजीने ब्रेक ओढला, पाय रोवून ओढला, पण चाकं सरकतच राहिली. गाडी घोड्याच्या पायांवर आली, घोडा बिथरला आणि सगळं कुंपणाच्या भिंतीवर आदळलं. गुणाजीचा पाय मोडला. सुनंदाबाई वाचल्या, मूल गेलं.

रस्त्यावरच्या कुण्या भल्या माणसाने गुणाजी कळवळतोय म्हणून त्याच्या तोंडात ब्रँडी ओतली. मागून पोलीस आले, त्यांना वास आला. गाडीवान पिऊन हाकत होता, असं लिहून घेतलं. कमलाकांतरावांचं घर शोकात बुडालेलं, त्यांना कुणावर तरी राग काढायचा होताच. पाच दिवसांनी मोडकी गाडी त्यांनी आमच्याकडे पाठवली. सांधून दे, विकून टाकतो, डोळ्यांसमोर नको, असा निरोप होता.

सकाळची वेळ. हरेश्वर गाडीखाली वाकला. चाकाच्या लोखंडी पट्टीवर, धावेवर, बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग ठोकळे सोडवले आणि अंगठ्याने दाबले. तेलाचे थेंब वर आले. सपाटीवर कोरडे वाटणारे ठोकळे, उतारावर घासून तापले आणि आतलं तेल बाहेर आलं. धावेला तेल लागल्यावर ब्रेक धरणार कसा? तो तिथेच मातीत बसला.

"गुणाजीचा काही दोष नाही, मालन," तो म्हणाला. "दोष माझा आहे. रावसाहेबांना बोलावून आणतो, हे ठोकळे दाखवतो."

मी पाया पडले, शिव्या दिल्या, रडले. गप्प राहा म्हटलं, कोण विचारायला येतंय? त्या वर्षी तुरुंगात गेलेला माणूस परत येईल याचा भरवसा नव्हता, आत ताप बाहेरच्यापेक्षा जास्त. त्याने सगळं ऐकून घेतलं, ठोकळे ओट्यावर ठेवले आणि सदरा घालून गेला.

चूल पेटलेली होती. मी दोन्ही ठोकळे उचलले आणि चुलीत घातले. तेल प्यालेलं लाकूड ते, भडाभडा पेटलं. चाकाची धाव राखेने घासून पाण्याने धुतली. मग त्याच जाळावर बोंबलाचं कालवण ठेवलं. का ठेवलं म्हणाल, तर चूल एवढी का पेटलीय याला काहीतरी कारण हवं होतं. मीठसुद्धा बरोबर पडलं.

कमलाकांतराव आले, नाकाला रुमाल. हरेश्वर ओट्याकडे गेला. ओटा रिकामा. गाडीखाली पाहिलं, गोणपाटं उचलली, लाकडांचा ढीग उपसला. मग त्याला धुराचा वास आला. मुशीच्या तेलाचा वास त्याच्याहून जास्त कुणाला कळणार? तो चुलीकडे वळला, माझ्याकडे पाहिलं. मी पळीने कालवण ढवळत राहिले. कमलाकांतरावांना कोळ्याच्या घरात मासळीचाच वास येणार, त्यांना काय कळणार!

"सापडत नाहीत, रावसाहेब," तो म्हणाला. "पण मी सांगतो ते खरं आहे."

कमलाकांतराव थकलेल्या आवाजात म्हणाले, हरेश्वर, तुझी त्याची दोस्ती आहे हे मला ठाऊक आहे, त्याला वाचवायला स्वतःवर घेऊ नकोस. आणि गेले. हरेश्वर कोर्टातही उभा राहिला. मॅजिस्ट्रेटने पुरावा मागितला. गुणाजीला सहा महिन्यांची कैद झाली.

तो जिवंत परत आला, तेवढं देवाने केलं. पण पाय वाकडा, आणि दारुड्या म्हणून ठपका. त्याच्या हातात लगाम कोण देणार? हरेश्वरने त्याला आमच्या अंगणात घेतला, राळ कुटायला, कापूस पिळायला. त्याला कितीदा तरी सांगितलं, ते तेलाने झालं, माझ्या तेलाने. गुणाजी हसायचा. म्हणायचा, तुझं मन मोठं आहे बाबा, पण ब्रेक माझ्या हातात होता. पुढे पुढे त्याला आठवायलाही लागलं, की आपण तेव्हा जरा बेसावध होतो, दांडा ओढायला उशीर केला. घडलंच नव्हतं ते त्याला दिसू लागलं. त्या मुलासाठी तो दर सोमवारी उपास करायचा.

हरेश्वरने मला एकदाही विचारलं नाही. मारलं असतं, हाकलून दिलं असतं तर मी ओरडले असते, भांडले असते, आणि भांडणात खरं बाहेर पडलं असतं. गुणाजीला सांगताना तो फक्त बोलता बोलता थांबायचा आणि माझी वाट बघायचा. मी एक वाक्य बोलायचं होतं.

अकरा वर्षं गुणाजी आमच्याकडे जेवला. दर वेळी म्हणायचा, वहिनी, तुमच्या हाताला चव आहे, माझ्यासारख्या पाप्याला तुम्ही दोघांनी घास दिलात. हरेश्वर ताटावरून मान वर करायचा. आणि मी, जिच्या तोंडाला सारी वस्ती भ्यायची, ती खाली बघून त्याला भात वाढायची.