लिंबाला टांगलेली हाडं

ओढून बघितल्याशिवाय जगातल्या कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझा उजवा खांदा त्यानंच जागेवर बसवला. अंबाजोगाईचे आमचे हाडांचे डॉक्टर. खुर्चीत बसण्याआधी तिचा पाय हलवून बघत. पेशंटच्या शर्टाचं बटण ओढून बघत. हातात आलं तर खिशातला सुईदोरा काढून स्वतः शिवून देत आणि पुन्हा ओढत. डॉक्टरीणबाई सांगायच्या, "लग्नात मंगळसूत्र घातलं आणि तिथंच दोनदा ओढून बघितलं यांनी."

मी सातवीत शाळा सोडलेला, धारूरकडचा ऊसतोड्या. ट्रकवर मोळी चढवताना खांदा निखळला आणि मग निखळतच राहिला, शर्ट काढतानासुद्धा. मुकादम सरळ म्हणाला, "हात खांद्यात ऱ्हात न्हाई, तुला टोळीत कशाला घेऊ रं?" त्या साली पाऊस नव्हता, रानात काही नव्हतं. कारखान्यावर गेलो नाही तर घरातल्यांनी खायचं काय, एवढंच डोक्यात फिरायचं.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघितला. खांद्याची खोबण पुढून झिजली होती. खांद्याच्याच हाडाचा एक तुकडा कापून तिथं बसवायचा, एवढं मला कळलं.

"तुकडा बसेल रे. पण धरून कशानं ठेवायचा? एक स्क्रू, दोन स्क्रू, की दोरा आणि त्याला अडकवायचं धातूचं बटण?" हे ते मलाच विचारत होते.

"सायेब, तुमी शिकलेले."

"पुस्तकातल्या माणसानं कधी ऊस तोडलेला नाही."

मग त्यांनी खाटकाकडून शेळीच्या खांद्याची हाडं आणली. प्रत्येकावर एकेक तुकडा बसवला, तिन्ही तऱ्हांनी, आणि घरामागच्या कडुलिंबाला टांगून तुकड्यांना बादल्या अडकवल्या. बादलीत वाटीवाटीनं वाळू टाकायची आणि कोणतं आधी सुटतं ते बघायचं. त्या दुष्काळात पाणी ओतायची सोय नव्हती, कारण लिंबाखालीच पाण्याच्या टँकरसाठी बायांची रांग लागायची. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिन्ही हाडांना हळदकुंकू आणि एका बादलीत नारळ. रांगेतल्या बायांना वाटलं, डॉक्टरनं पावसासाठी काही मांडलंय. डॉक्टरांनी नारळाला हात जोडले, त्याचं वजन केलं आणि वहीत वाळूच्या वजनात मिळवलं. म्हणाले, "पावसाचं माहीत नाही, पण वजन खरं आहे."

एका स्क्रूवरचा तुकडा गर्रकन फिरला. दोरा तुटला नाही, पण तुकडा केसभर सरकला. दोन स्क्रूंनी सगळ्यात जास्त वाळू पेलली. मला वाटलं, झालं. डॉक्टर म्हणाले, "दिवसात एकच मोळी उचलतोस का तू?" मग नवी हाडं आली. मी डाव्या हातानं दोर ओढून बादली वरखाली करायची, त्यांनी चिंचोके टाकून मोजायचं. तीन दिवस. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "डाक्तर, पेशंटलाच कामाला जुंपलं व्हय?"

"त्याचाच खांदा आहे आजी. त्यालाच बघू द्या."

शेवटी दोन स्क्रू ठरले. ऑपरेशनच्या टेबलावर मी विचारलं, "सुटणार न्हाई ना?" दुसरा कुणीही हसून नाही म्हणाला असता. हे म्हणाले, "शेळीचं सुटलं नाही. तुझं अजून ठाऊक नाही." का कोण जाणे, त्या उत्तरानंच माझी भीती जरा कमी झाली.

पुढच्या हंगामाआधी ते स्वतः मुकादमाच्या दारात आले आणि माझ्या आडव्या धरलेल्या हाताला लोंबकळले. मुकादम म्हणाला, "घेतो सायेब याला. तुमी उतरा आता."

आता घरापासून लांब, कोल्हापूरकडच्या सहकारी कारखान्याचा ऊस तोडतो. हंगामाची पहिली मोळी उचलण्याआधी अजून डाव्या हातानं खांदा चाचपतो. यंदा निघण्याआधी डॉक्टरांकडे गेलतो. थकलेत; हात कापतात, ऑपरेशनं सोडलीत. ओसरीत ते दोन स्क्रूंचं हाड अजून टांगलेलं, खाली वाळूची बादली.

"शास्त्रात याला काही अर्थ नाही," ते म्हणाले. "तुझ्या जोडीचं आहे, म्हणून ठेवलंय. अजून सुटलं नाही. तुझं?"

"माझंबी न्हाई, सायेब."

त्यांनी माझा हात धरला आणि ओढला. त्या ओढण्यात काही जोर नव्हता. मीच आपणहून एक पाऊल पुढं झालो.