हक्काकाकांचं मूळ घर

हक्काकाका बर्फाला हिंदीत शिव्या द्यायचे. ड्राइव्हवे फावड्यानं साफ करता करता "साला, फिर आ गया! कल ही तो फेंका था!" असं ते इतक्या मोठ्यानं ओरडत, की खाली बेसमेंटमध्ये मला आणि माझ्या बायकोला, सुनीताला, जाग यायची. आम्ही नुकतेच पुण्याहून टोरोंटोला आलो होतो आणि घरमालक चिनी आहेत एवढंच आम्हाला माहीत होतं.

काका कोलकात्याच्या टांगऱ्यात, तिथल्या चिनी वस्तीत जन्मलेले हक्का चिनी. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा. चीन त्यांनी कधी पाहिला नव्हता. चिनी ग्रोसरीतल्या बाटल्यांवरची अक्षरंही त्यांना वाचता येत नसत. "हक्का मतलब मेहमान," ते सांगत. "इंडिया में मेहमान, इधर भी मेहमान. और तुम मेहमान का किरायेदार!"

एका लाँग वीकेंडला त्यांनी जाहीर केलं, "कल हक्का टूर! कल्चर, सीनरी, खाना, सब एक दिन में." सुनीता शाकाहारी, म्हणून डुकराचा खिमा भरायच्या टोफूत त्यांनी बटाट्याची भाजी भरली. सकाळी गाडीत पुढच्या सीटवर त्यांच्या आईचा फ्रेम केलेला फोटो बसला होता. सीटबेल्ट लावून. मी मुकाट्यानं मागे बसलो.

काकांच्या आईकडे एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर हक्कांच्या मुलखातलं मातीचं प्रचंड गोल घर. अख्खं गाव आत राहील एवढं. "एकदा दाखव रे," म्हणता म्हणता ती टांगऱ्यातच वारली. हे काकांनी वाटेत सांगितलं, एकदाच.

दोन तासांनी मक्याच्या शेतांमध्ये गाडी थांबली. समोर एक गोल गोठा होता. काकांनी फोटो सोडवला आणि गोठ्याकडे फिरवला. "देखो माँ, आ गया."

रबरी बूट घातलेली एक म्हातारी शेतकरीणबाई बाहेर आली. "काही हवंय का?"

"हे आमचं मूळ घर," काका इंग्रजीत म्हणाले.

"इथे गाई राहतात."

"सध्या," काका म्हणाले.

बाई फोटोकडे बघत राहिली. मग तिनं दार उघडलं.

आत गाई भिंतीलगत गोलाकार उभ्या होत्या. काकांनी लगेच खोल्या वाटल्या. "इधर दादा. इधर बड़ा चाचा." बड़ा चाचानं शेण टाकलं. "वो ऐसा ही था," काका म्हणाले.

त्यांनी उदबत्त्या काढल्या, तशी बाई आडवी आली. "सगळीकडे गवत आहे. काडी पेटवायची नाही." काकांचा चेहरा उतरला. मग न पेटवलेल्या उदबत्त्या हातात धरूनच ते फोटोपुढे वाकले. बाईनं डोक्यावरची टोपी काढली. काकांनी टोफूचा डबा उघडून फोटोसमोर ठेवला, तेवढ्यात शेजारच्या गाईनं मान लांबवून त्यातला एक उचलला. सुनीता किंचाळली. काकांनी तिला हातानं थांबवलं. त्यांचे डोळे भरले होते.

"खाने दो. भूखा था माँ."

उरलेला टोफू आम्ही चौघांनी गवताच्या गठ्ठ्यांवर बसून खाल्ला.

पुढे घर विकून काका कॅल्गरीला मुलीकडे गेले. एका हिवाळ्यात तिचा हॉस्पिटलमधून फोन आला. "डॅड सगळ्यांना सांगतायत, मी आईला गावी नेऊन आणलं. ते तर चीनला कधी गेलेच नाहीत. डॉक्टर म्हणतात, भ्रम होतोय."

"भ्रम नाही," मी म्हणालो. "त्यांनी नेलं होतं. आम्ही बरोबर होतो."

मग तिनं हळूच विचारलं, "आजी खूश होती?"

"जेवल्या," मी म्हणालो.